कोल्हापूरचा कप, बिस्लीचा वारा: सांघिक रायफल नेमबाजीत 'संघ' नक्की कुठे असतो?

ब्रुकवुडकर

मंडळी, चार वर्षं झाली, इंग्लंडात सरे परगण्यात राहतोय. मूळचा इचलकरंजीचा. बंदुकीशी आमच्या घराण्याचा संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरता. ऑफिसातल्या एकाने एका रविवारी बिस्लीला नेलं आणि हे खूळ डोक्यात शिरलं. बिस्ली म्हणजे इथल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचं माहेरघर. १८६० साली व्हिक्टोरिया राणीने विम्बल्डनच्या माळावर पहिली गोळी झाडून यांच्या स्पर्धा सुरू करून दिल्या, आणि १८९० पासून सगळा बाडबिस्तरा बिस्लीला हलला. (विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. तिथे टेनिसच्या आधी बंदुका होत्या.)

पहिल्याच वर्षी जुलैतल्या मोठ्या स्पर्धांचं वेळापत्रक चाळत होतो. त्यात एका सामन्याचं नाव दिसलं: 'द कोलापोर'. शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, कुणा हिंदुस्थानी राजाने दिलेला कप आहे, फार जुना. माझी ट्यूब पेटायला अर्धा चहा संपावा लागला. कोलापोर म्हणजे आपलं कोल्हापूर! माझ्या घरापासून तीस किलोमीटर. १८७१ पासून या कपासाठी ब्रिटन आणि राष्ट्रकुलातले इतर संघ झुंजताहेत, आणि आमच्या शाळेत याचा कधी उल्लेखही झाला नाही.

सामना असा असतो. एका संघात आठ नेमबाज. अंतरं ३००, ५०० आणि ६०० यार्ड. प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या मोजणीच्या दहा गोळ्या, गोळीला जास्तीत जास्त पाच गुण. म्हणजे माणशी १५० आणि संघाचे १२००. रायफल ७.६२ची, पण दुर्बीण नाही. मागे बारीक भोकाची साइट, पुढे कडी, दंडाला पट्टा, आणि पोटावर झोपून मारायचं.

मी कोलापोरच्या आसपासही नाही, हे आधीच सांगतो. आमचा क्लब म्हणजे एक निवृत्त शिक्षक, एक नर्स, एक सुतार आणि मी. आम्ही चौघांचे संघ असलेले छोटे सामने खेळतो. रायफलसुद्धा क्लबची. इथे नवख्याला कमीत कमी तीन महिने उमेदवारी करावी लागते, मग सभासदत्व, आणि स्वतःची रायफल हवी तर पोलिसांकडून परवाना.

आता मुद्द्यावर येतो. एकट्याने मारताना वारा वाचणं, साइट फिरवणं, नेम, ट्रिगर, सगळं आपलं आपण. संघात मात्र कामं वाटलेली असतात. झोपलेल्या माणसाच्या मागे कोच दुर्बीण लावून बसतो. वाऱ्याची जबाबदारी पूर्ण त्याची. माझ्या साइटची चकती तोच हात पुढे करून फिरवतो. मी फक्त मधोमध धरायचं, तो 'मार' म्हणाला की मारायचं, 'थांब' म्हणाला की श्वास सोडून थांबायचं. आणि गोळी सुटताक्षणी आपल्या मते ती कुठे गेली ते खरं खरं सांगायचं. याला 'कॉल' म्हणतात.

हे का, तर १००० यार्डांवर गोळी दीड सेकंदाहून जास्त वेळ हवेत असते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर ती सात-आठ फूट सरकते. आणि तिथला बुल (टार्गेटचा मधला, पाच गुणांचा गोल) असतो जेमतेम दोन फुटांचा. म्हणजे वारा मैलभराने कमी-जास्त झाला तरी बुलची कड गाठली म्हणून समजा. हा हिशेब करत करत नाडीचे ठोके सांभाळणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून दोन डोकी.

गेल्या सप्टेंबरात १००० यार्डांवर माझी पाळी. वारा डावीकडून. कोचने सहा मिनिटं डावी लावलेली. (मिनिट म्हणजे कोनाचं, १००० यार्डांवर साधारण साडेदहा इंच.) पाच गोळ्या बुलमध्ये. सहाव्या वेळी नेम धरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की झेंडे लोळले. वारा पडला! कोच काहीच बोलला नाही. मी शहाणपणा करून दीड मिनिट उजवीकडे धरलं आणि मारलं. टार्गेट खाली गेलं, वर आलं, उजवीकडे इनर, म्हणजे बुलच्या बाहेरचं वर्तुळ. चार गुण. कोचने विचारलं, कॉल? मी म्हणालो, मधोमध.

कोचने वारा पडलेला आधीच बघितला होता आणि न बोलता एक मिनिट काढूनही टाकलं होतं. मी त्यावर आणखी दीड घातलं. गंमत पुढे आहे. माझा कॉल खरा धरून त्याला वाटलं, गोळी उजवीकडे गेली म्हणजे वारा पडलेलाच नाही. त्याने दीड मिनिट परत डावं लावलं. सातवी गोळी मी अगदी इमानदारीत मधोमध मारली, ती गेली डावीकडे. पुन्हा चार. तेव्हा कबूल केलं. तो एवढंच म्हणाला, "तू चार मारलास त्याचं काही नाही. तू मला खोटा वारा दाखवलास." आणि माझ्यानंतर जी नर्स मारणार होती, तिचा वारा त्याला पहिल्यापासून मांडावा लागला.

तेव्हापासून प्रश्न पडलाय. भारतात नेमबाजीच्या सांघिक स्पर्धा ऐकतो, पदकंही येतात. तिथे हे असं असतं का? इथे कुणी खेळलंय का?

---

वाचनमात्र

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). इतिहासाचा भाग अजून येऊ द्या.

---

पंचगंगेकाठचा

भावा, सकाळी सकाळी ऊर भरून आला. आणि वाईटबी वाटलं, कारण कपाची ही गोष्ट कोल्हापुरात शंभरातल्या एकालाबी ठावं नसंल.

जरा इतिहास जोडतो. १८७० साली इंग्लंडला गेले ते राजाराम महाराज. शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले, ताराराणींच्या पतीशी गल्लत करू नये. वय अवघं वीस. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, रंगीत, फेटा बांधलेला. जवळच्या पुलालाबी लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. म्हंजे बघा, नोव्हेंबरात महाराज गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या गावाच्या नावानं इंग्लंडात निशाणबाजी सुरू झाली. आपल्याकडं नदीकाठी समाधी असती, त्यांची आर्नोच्या काठावर.

आता तुमच्या प्रश्नाचं: कोल्हापूर आणि रायफल हे नातं तुटलेलं न्हाई. तेजस्विनी सावंत आमची. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हंजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेती. आणि स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ मारलं तेव्हा चौकाचौकात फटाके वाजले.

कपाचा फोटो टाका की.

---

तिरकस

एक प्रामाणिक शंका. पोटावर झोपायचं, वारा दुसऱ्याने बघायचा, साइट दुसऱ्याने फिरवायची, 'मार' पण दुसऱ्याने म्हणायचं. मग खेळाडू नक्की काय करतो? यापेक्षा आमचे आजोबा दुपारी ओसरीवर जास्त हालचाल करत.

---

ब्रुकवुडकर

@तिरकस: हालत नाही, हाच खेळ आहे. आजोबांना जड कोट घालून, दंडाला पट्टा आवळून, पाऊण तास मान वर करून झोपायला सांगा आणि मग नाडी मोजा.

@पंचगंगेकाठचा: फ्लॉरेन्सचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. फोटोचं बघतो, कप काही मला हात लावू देणार नाहीत.

---

नीलिंग_नकोसं

मी महाराष्ट्राकडून ५० मीटर थ्री पोझिशनला राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नावावरून कळलंच असेल, गुडघ्यावर बसणं हे माझं दुखणं.

तुमच्या बिस्लीत जसं आहे तसं आमच्याकडे अजिबात नाही. आमच्या खेळात संघ म्हणजे बेरीज. तीन जणांची नावं स्पर्धेआधी द्यायची, तिघांनी आपापला सामना मारायचा, तिघांचे गुण मिळवायचे. बस. थ्री पोझिशनला नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशा प्रत्येकी २० गोळ्या, म्हणजे ६०० पैकी, दीड तासात. कोच मागे खुर्चीवर. पॉइंटवर (मारायच्या जागेवर) असताना त्याच्याशी बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर रायफल सुरक्षित करायची, चेंबरमध्ये झेंडी घालायची, उठायचं, मागे जायचं. आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. वारा ५० मीटरलाही असतो. टार्गेटच्या रांगेत छोटे झेंडे असतात, १० आणि ३० मीटरवर. पण ते वाचायचे आपणच.

माझं पहिलं सांघिक पदक मी कँटीनमध्ये जिंकलं. खरंच. माझी डिटेल (एका वेळी मारणाऱ्यांची पाळी) सकाळची, दुसरीची दुपारची, तिसरी मुलगी शेवटच्या डिटेलमध्ये. माझं मारून झालं, रायफल पुसून पेटीत घातली, पोहे घेऊन बसले होते तर कुणीतरी येऊन म्हणालं, तुमची टीम तिसरी आली. तोपर्यंत आम्ही तिघींनी एकमेकींना मारताना पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या तिसरीची नीट ओळख पोडियमवर झाली.

त्यामुळे मलाही वाटायचं की हे 'सांघिक' कागदावरचं. मत बदललं ते पुढच्या वर्षी. नीलिंगमध्येच वाट लागली. तिसऱ्या गोळीला आठ, मग परत आठ. वैयक्तिक सामना तिथेच संपला, फायनल वगैरे विसरा. एकटी असते तर उरलेल्या चाळीस गोळ्या उरकून घरी गेले असते. मागे वळून पाहिलं तर कोचने काही न बोलता तीन बोटं वर केली. तीन जणी आहात. त्या दिवशी मी प्रोनच्या वीस गोळ्या जशा मारल्या तशा आजवर पुन्हा जमलेल्या नाहीत. पदक मिळालं नाही, चौथ्या आलो. पण माझं गेलेलं असतानाही माझी प्रत्येक गोळी कुणाची तरी होती. तुम्ही म्हणता तसा खोटा वारा आम्ही एकमेकींना दाखवू शकत नाही, मात्र सकाळी ५७० मारून बसलेल्या मुलीचा दिवस दुपारी नक्की बुडवू शकतो.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण हांगझोचं. सप्टेंबर २०२३, एशियन गेम्स, पुरुषांची थ्री पोझिशन. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५९१, स्वप्निल ५९१, अखिल शेओरान ५८७. बेरीज १७६९, विश्वविक्रम, सुवर्ण. अखिल त्या यादीत पाचवा होता. फायनलला आठ जण जातात. पण एका देशाचे दोघेच जाऊ शकतात, म्हणून तो बाहेर! त्याच्या ५८७ शिवाय सुवर्ण नाही, आणि त्याच ५८७ ने त्याला फायनल नाही. मग फायनलमध्ये स्वप्निल पुढे असताना त्याची एक ७.६ गेली आणि तो चौथा आला. एका दिवसात एकाच माणसाला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक चौथं. पॅरिसला त्याने ५९० मारून सातव्या क्रमांकाने फायनल गाठली आणि ४५१.४ वर ब्राँझ घेतलं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र हांगझोची ती संध्याकाळ जास्त आठवते.

---

बट_पार्टी

जय हिंद. मी २६ वर्षे सैन्यात होतो, त्यातली बरीच वर्षे युनिटच्या फायरिंग टीमसोबत. ब्रुकवुडकर यांनी टार्गेट खाली जाऊन वर येते असे लिहिले आहे. ते खाली ओढणारी, भोक शोधून चकती लावणारी माणसे म्हणजे आमची बट पार्टी. खंदकात बसून डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्यांचे आवाज ऐकत दिवस काढायचा. गोळी टार्गेटवर लागलीच नाही की झेंडी हलवायची, त्याला आम्ही वॉशआउट म्हणतो. बुल, इनर, मॅगपाय (इनरच्या बाहेरचे वर्तुळ) हे सगळे शब्द इंग्रजांनी ठेवून गेलेले आमच्याकडेही आहेत, फक्त मॅगपायचे 'मॅगी' झाले.

कॉलबद्दल लिहिले ते सोळा आणे खरे. नवीन जवान खोटा कॉल देतो तो भीतीपोटी. आमचे उस्ताद एक युक्ती करत. जवानाला मारायला लावत आणि टार्गेट वर यायच्या आधीच त्याच्या कॉलची जागा कागदावर फुलीने मांडून घेत. मग खरे भोक आणि फुली यांतले अंतर मोजत. दहा गोळ्यांत बुल किती हे बघतच नसत. ज्याचा कॉल आणि भोक जवळ, तो टीममध्ये. एक पोरगा सगळ्यात जास्त बुल मारायचा पण कॉल नेहमी 'ठीक गया साहब'. तो राखीव राहिला. रडला. पुढच्या वर्षी टीमचा सर्वांत भरवशाचा माणूस झाला.

वारा वाचायला आमच्याकडे दुर्बिणी नंतर आल्या. आधी सुके गवत चिमटीत धरून खांद्याच्या उंचीवरून सोडायचे.

---

ओहायोचा_आप्पा

आमच्या राज्यातलं थोडं. ओहायोत कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. तिथे सहा जणांचा एक सांघिक प्रकार आहे, लाडाचं नाव 'रॅटल बॅटल'. संघाला मिळून ३८४ गोळ्या. ६०० यार्डांपासून सुरुवात, मग ५००, ३००, २००, प्रत्येक टप्प्याला ५० सेकंद. समोर आठ टार्गेटं, मारणारे सहा, म्हणजे कुणीतरी दोन सांभाळायची. कुणी किती गोळ्या घ्यायच्या ते संघाने आधी ठरवायचं. लांबून लागलेल्या गोळीला जास्त मोल, म्हणून ६०० वरच जास्तीत जास्त संपवायचा मोह. पण वारा चुकला तर दारूगोळा गेला आणि पुढे हात चोळत बसा. 'संघ कुठे असतो' याचं उत्तर तिथे त्या वाटपात आहे. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. कानात बोळे घालूनही दोन दिवस कान वाजत होते.

---

चिंतातुर_बाबा

धागा हायजॅक करत असेन तर माफ करा. मुलगी १३ वर्षांची, पुण्यात असतो. शाळेच्या शिबिरात एअर रायफल मारली आणि आता तेच डोक्यात. बालेवाडीला चौकशी केली तर खर्चाचे आकडे ऐकून घाम फुटला. संघात वगैरे निवड कशी होते? रायफल आधी घ्यावी की जॅकेट? परवान्याची भानगड आहे का?

---

नीलिंग_नकोसं

@चिंतातुर_बाबा: काहीच घेऊ नका. पहिले सहा महिने क्लबची रायफल. मुलीचं वय वाढीचं आहे, आज घेतलेलं जॅकेट पुढच्या दिवाळीला होणार नाही, आणि जॅकेट सैल असेल तर त्याचा उपयोग शून्य. जॅकेटची जाडी आणि कडकपणा स्पर्धेत यंत्राने तपासतात, त्यामुळे कुणाचं तरी जुनं स्वस्तात घेताना जपून. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, ते तेरा वर्षांच्या खांद्याला खूप होतं. घाई नको.

१० मीटरच्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२ ला लागतो. ते पुढचं पुढे.

१० मीटरचं गणितही सांगते म्हणजे मुलीला काय वेड लागलंय ते कळेल. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ठिपका छर्ऱ्यापेक्षा लहान! नेम धरताना तो दिसतही नाही, दिसतं ते फक्त काळं वर्तुळ. ६० छर्रे, ७५ मिनिटं, दशांशात गुण, एका छर्ऱ्याचे जास्तीत जास्त १०.९. हांगझोला आपल्या मुलांनी सांघिक सुवर्ण घेतलं ते १८९३.७ वर, तोही विश्वविक्रम. त्यात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ६३२.५. तिघांची सरासरी काढा, छर्ऱ्यामागे साडेदहाच्या वर येते.

निवड गुणांवर होते. जिल्हा, राज्य, मग पुढे मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. आपली, भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हाचे पहिले अध्यक्ष तेच. स्पर्धेत उतरणाऱ्या अर्ध्या मुलांना वाटतं मावळंकर हे कुठल्यातरी गावाचं नाव आहे.)

आणि तिला जोडीदार मिळाला तर मिश्र दुहेरी जरूर खेळू द्या. एक मुलगा, एक मुलगी. पॅरिसला होती त्या पद्धतीत आधी दोघांचे ३०-३० छर्रे. मग फायनलला समोर एकच जोडी. दोघांनी एकेक छर्रा मारायचा, दोघांची बेरीज जास्त त्या जोडीला दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, आधी १६ होतील ते जिंकले. तिथे कोचला अर्धा मिनिट टाइमआउट घेऊन जवळ येऊन बोलता येतं. आमच्या खेळात बिस्लीच्या सर्वांत जवळचं काही असेल तर ते हे. आपण १०.६ मारावा आणि शेजारच्याचा ९.८ जावा, तेव्हा चेहरा न हलवता पुढचा छर्रा भरणं शिकावं लागतं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं की त्याचा पुढचाही गेला.

याआधी राष्ट्रकुल स्पर्धांत एकाच देशाच्या दोघांच्या जोड्या असायच्या. २००२ ला मँचेस्टरला अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी १० मीटरला सुवर्ण घेतलं होतं. माझी आई तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण अजून कपाटात जपून ठेवते. मी खेळायला लागले त्याचं मूळ त्या कात्रणात.

---

चिंतातुर_बाबा

खूप आभार ताई. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चेहरा न हलवता" हे शिकवत असतील तर तुम्हीपण जा.

---

तिरकस

मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धा मिलिमीटर ऐकून चश्मा काढून पुसला.

पण मूळ प्रश्न राहतोच. बेरीज म्हणजे संघ नव्हे. बिस्लीत कोचने वारा चुकवला तर गुण कुणाच्या नावावर कमी?

---

ब्रुकवुडकर

मारणाऱ्याच्या. हेच तर दुखणं आहे. कार्डावर कोचची चूक लिहायला रकानाच नाही. मी उत्तम मारलं, कॉल मधोमध, आणि वारा फिरला म्हणून चार मिळाले, तर ते चार माझ्या नावापुढे. इकडची जुनी मंडळी म्हणतात की चांगला कोच तेवढ्यासाठी सामन्यानंतर येऊन 'तो माझा होता' म्हणतो. आणि चांगला नेमबाज 'राहू दे' म्हणतो. दोघांना दोन्ही वाक्यं आधीपासून पाठ असतात, तरी म्हणायची.

@बट_पार्टी: सुभेदारसाहेब (अंदाजाने म्हणतोय), फुलीची युक्ती कोचला सांगितली. त्याने लगेच वहीच्या प्रत्येक पानावर एक रिकामं वर्तुळ आखून टाकलं. आता आम्ही चौघेही फुल्या मारत बसतो. पहिल्या दिवशी नर्सबाईच्या फुल्या आणि भोकं जवळजवळ एकावर एक. माझ्या फुल्या मधोमध आणि भोकं गावभर.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. कोच झेंड्यांपेक्षा मृगजळ जास्त बघतो. दुर्बीण टार्गेटच्या जरा अलीकडे रोखली की जमिनीवरून तापलेली हवा पाण्यासारखी वाहताना दिसते. वारा असला की ती आडवी धावते, वारा पडला की उकळल्यासारखी सरळ वर जाते. ती उकळायला लागली की 'थांब', कारण बहुतेकदा वारा बाजू बदलायच्या बेतात असतो. झेंडा लोळायला वेळ लावतो, ओला असला तर जास्तच. मी त्या दिवशी झेंडा पाहून शहाणा झालो, तो मृगजळ पाहून आधीच हलला होता.

---

बट_पार्टी

अंदाज बरोबर आहे. सुभेदार म्हणूनच निवृत्त झालो. फुल्या मधोमध येणे हा रोग नाही, सवय आहे. डोळा गोळीच्या क्षणी मिटत असेल. ट्रिगर दाबल्यावर मनात एक आकडा म्हणेपर्यंत साइटमधून बघत राहा. कॉल आपोआप खरा येईल.

---

वाचनमात्र

सप्टेंबरनंतर पुन्हा खेळलात का? खोट्या वाऱ्यानंतर कोचने ठेवलं का संघात?

---

ब्रुकवुडकर

ठेवलं. माणसं मिळत नाहीत हो.

मागच्या रविवारी ६०० यार्डांवर सामना झाला. तिथे दहा मैलांचा वारा अडीच फुटांच्या आसपास गोळी हलवतो, म्हणजे १००० पेक्षा बराच माणुसकीचा. सुभेदारसाहेबांचं ऐकून डोळा उघडा ठेवला. ४८ मारले. दोन गोळ्यांना चार-चारच मिळाले, त्यातल्या एकीचा कॉल मी 'उजवीकडे, माझा' असा दिला आणि भोक खरंच तिथेच. कोचने साइटला हात लावला नाही. पुढची गोळी बुल. आम्ही हरलो, पण ते सुताराच्या रायफलची स्लिंग (दंडाचा पट्टा) सुटली त्यामुळे.

एक गंमत झाली. कोचला वाटत होतं की 'वेट' म्हटल्यावर मी अर्धा क्षण उशिराने थांबतो. म्हणाला, तुझ्या भाषेत काय म्हणतात ते सांग, आईने लहानपणी तुला ज्या शब्दाने थांबवलं असेल तो. मी सांगितलं, 'थांब'. आता बिस्लीच्या रेंजवर एक साठीचा इंग्रज माझ्या मागे बसून 'ठांब, ठांब' करतो आणि बोट खरोखर जागच्या जागी गोठतं. शेजारच्या पॉइंटवरचे वळून बघतात. 'मार'ला मात्र अजून 'गो' च म्हणतो, कारण 'मार' त्याच्या तोंडून 'मा' असा येतो आणि मला हसू फुटून नेम जातो.

---

पंचगंगेकाठचा

'हाण' शिकीव त्येला.